गायटन, कॉस्टँझो की गॅनाँग? आधी किडनीचं प्रकरण उघडा

फिजिऑलॉजीचं, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं या विषयाचं, कोणतं पुस्तक घ्यावं असं विचारलं, की सीनियर ठामपणे एकच नाव सांगतात. ते नाव बहुधा त्यांनी विकत घेतलेल्या पुस्तकाचं असतं. वाचलेल्या पुस्तकाचं असेलच असं नाही. म्हणून नाव ऐकून पुस्तक घेऊ नका. लायब्ररीत तीन-चार पुस्तकं शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येकात एकच विषय उघडा. मी किडनीचं प्रकरण सुचवेन. तिथे शब्दांचा फुलोरा चालत नाही. लेखकाला समजावता येतं की नाही, ते दोन पानांत कळतं.

आधी गायटन. आर्थर गायटन यांना सर्जन व्हायचं होतं. 1946 मध्ये पोलिओ झाला आणि ते फिजिऑलॉजीकडे वळले. 1956 मध्ये पुस्तकाची पहिली आवृत्ती निघाली आणि पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या. हा तपशील मी उगाच सांगत नाहीये. हॉल पिता-पुत्रांच्या हाती आलेल्या आजच्या पुस्तकातही तो एकटाकी सूर टिकून आहे. एकच शिक्षक वर्षभर शिकवतोय असं वाटतं. रक्ताभिसरणाचा भाग वाचून पाहा. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलणार हे एरवी हृदय ठरवत नाही, शिरांमधून परत किती येतं त्यावर ते ठरतं, हा मुद्दा गायटन हळूहळू गळी उतरवतात. विश्रांतीत साधारण 5 लिटर, पण कसलीही चेतना न मिळता हृदय 13 लिटरपर्यंत पेलू शकतं. म्हणजे अडसर हृदयाचा नसतो. पुढे रक्तदाबाकडे आलात की हाच धागा किडनीपर्यंत जातो: दाब वाढला की मीठ-पाणी जास्त बाहेर पडतं, रक्ताचं आकारमान उतरतं आणि दाब जागेवर येतो. दीर्घकाळाचा रक्तदाब किडनी ठरवते, हे एकदा इथे वाचलं की विसरता येत नाही.

पण त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ऐंशीहून अधिक प्रकरणं आहेत. एकच गोष्ट तीनदा सांगितलेली आढळते आणि परीक्षा पंधरा दिवसांवर असताना तिसऱ्यांदा वाचताना चिडचिड होते.

लिंडा कॉस्टँझो यांचं पुस्तक याच्या अगदी उलट. प्रकरणं दहाच आणि पानं गायटनच्या निम्म्याच्या आसपास. पण बारीक पुस्तक म्हणजे वरवरचं, असं समजू नका. क्लिअरन्स घ्या, म्हणजे किडनी मिनिटाला किती प्लाझ्मा (रक्तातला द्रव) एखाद्या पदार्थापासून पूर्ण मोकळा करते ते. गायटन संकल्पना सांगतात, कॉस्टँझो गणित मांडून सोडवून दाखवतात. इन्युलिन हा पदार्थ किडनीत नुसता गाळला जातो, नलिका त्याला परत घेत नाहीत की त्यात भर घालत नाहीत. समजा त्याचं प्रमाण प्लाझ्मात 1 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, लघवीत 125, आणि लघवी मिनिटाला 1 मिलिलिटर. 125 गुणिले 1, भागिले 1. गाळणीचा दर मिनिटाला 125 मिलिलिटर. आता हेच सूत्र ग्लुकोजला लावा. निरोगी माणसाच्या लघवीत ते जवळपास नसतंच, म्हणून क्लिअरन्स शून्य. गाळलं तर गेलं, मग गेलं कुठे? नलिकांनी सगळं परत घेतलं. हे दोन आकडे स्वतःच्या हाताने काढले की पुढचं अर्धं प्रकरण आपोआप सुटतं. आम्ल-अल्क संतुलनाला तर इथे स्वतंत्र प्रकरणच आहे. ज्याला हा विषय दरवेळी नव्याने शिकावा लागतो (मी त्यातलाच), त्याने तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक हाताशी ठेवावं. उणीव मज्जासंस्थेत आहे: झोप, स्मृती, भाषा हे विषय उरकून टाकल्यासारखे वाटतात. आणखी एक घोळ होतो. याच लेखिकेचं मुद्द्यांच्या स्वरूपातलं उजळणीचं वेगळं पुस्तकही आहे. ते वाचलेल्याची आठवण करून देतं, मुळात न वाचलेलं शिकवत नाही.

गॅनाँग 1963 पासून आहे. मूळ लेखकाच्या मागे आता दुसरे लेखक ते सांभाळतात. ते घट्ट आहे, एकेका वाक्यात दोन-दोन माहित्या. उत्तर लिहिताना हे फार कामाचं, पहिल्यांदा शिकताना डोकं उठवणारं. इथे एक गंमत. जाड मज्जातंतूचा विश्रांतीतला विद्युतदाब गायटनच्या जुन्या आवृत्त्यांत उणे 90 मिलीव्होल्ट दिसतो, गॅनाँगमध्ये न्यूरॉनसाठी (मज्जापेशीसाठी) उणे 70. मुलं घाबरतात, एक पुस्तक चुकलंय म्हणतात. खरं तर पेशी बदलली, पोटॅशियम-सोडियमला पेशीच्या पडद्यातून मिळणारी वाट बदलली, की आकडाही बदलतो. स्नायूच्या पेशीला उणे 90 अगदी शोभतं. दोन पुस्तकं ठेवण्याचा खरा फायदा हा असा असतो. आकडे जुळले नाहीत की आपण कारण शोधायला लागतो.

वैद्यकीय शाखेचे नसाल, बी.एस्सी. किंवा तत्सम अभ्यासक्रम असेल, तर वरच्या तिघांच्या आधी सिल्व्हरथॉर्न उघडा. प्रत्येक प्रकरणात एका रुग्णाची किंवा प्रसंगाची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी पुढे सरकते, आलेख वाचायला लावणारे प्रश्न मध्येच येतात, आणि शरीरात आलेलं, तयार झालेलं आणि बाहेर पडलेलं यांचा जमाखर्च मांडायची सवय लागते. व्हँडरचं पुस्तक त्याच पातळीचं, जरा कमी रंगीत आणि जास्त नेमकं. मला व्हँडर अधिक आवडतं, पण रसायनशास्त्र कच्चं असेल तर सिल्व्हरथॉर्न सोपं जाईल.

बोरॉन-बुलपेप पदवीच्या विद्यार्थ्याने विकत घेऊ नये. आयन चॅनेलच्या (पेशीच्या पडद्यातल्या आयनांच्या वाटेच्या) रेणूपर्यंत जायचं असेल तेव्हा लायब्ररीतून आणावं. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एकत्र असलेले जाडजूड ग्रंथ नर्सिंग वगैरेंना पुरतात, पण यंत्रणा खोलात विचारली की अपुरे पडतात.

मग घ्यायचं काय? वैद्यकीय विद्यार्थ्याने कॉस्टँझो मुख्य ठेवावं, हृदय, रक्तदाब आणि किडनीसाठी गायटन वाचावं आणि उत्तरं गॅनाँगला पडताळून लिहावीत. वाचायला आवडतं आणि हाती पूर्ण वर्ष आहे, अशांनी गायटन मुख्य ठेवायलाही माझी हरकत नाही. दोन जाड पुस्तकं एकदम मात्र घेऊ नका, एक कोरंच राहतं.

आवृत्ती एक-दोन मागची असली तरी बिघडत नाही. उपचारांच्या चौकटी जुन्या होतात, नेफ्रॉन (किडनीतलं गाळणीचं एकक) होत नाही. फक्त केशवाहिन्यांची आकृती तपासा. शिरेकडच्या टोकाला द्रव सतत परत शोषला जातो असा बाण बहुतेक पुस्तकांत अजूनही काढलेला असतो. बहुतेक ऊतींमध्ये तसं सतत घडत नाही आणि गाळलेला द्रव मुख्यतः लसिकावाहिन्यांतून (लिम्फच्या नळ्यांतून) परततो, असं आता मानलं जातं. परीक्षेत बाण काढा, पण वहीत शेजारी प्रश्नचिन्ह घालून ठेवा.