गुळवेल: ताज्या काडीचा काढा की तयार चूर्ण?

कोल्हापुरात आषाढ-श्रावणाच्या ओल्या हवेत ही निवड करताना पहिला मुद्दा टिकण्याचा. चूर्णाची बरणी दोनदा उघडली की दमट हवा आत शिरते, गोळे होतात, मग बुरशी धरते. गोळा झालेलं चूर्ण उन्हात वाळवून वापरू नका, टाकून द्या.

काढ्याला 20 ग्रॅम ताजी काडी घ्या (वाळलेली असेल तर 10). वरची कागदासारखी साल खरवडा, इंचभर तुकडे ठेचा आणि 160 मिली पाण्यात झाकण न ठेवता मंद आचेवर उकळून 40 मिलीपर्यंत आटवा. मोठ्या आचेवर पाणी लवकर उडतं, पण अर्क काडीतच राहतो. तांब्या-पितळेचं भांडं नको. स्टील किंवा माती चालेल. त्याच दिवशी संपवा, शिळा काढा आंबतो.

चूर्ण प्रवासात सोयीचं, मात्रा मोजायला सोपी. पण दळल्यावर भेसळ ओळखता येत नाही, म्हणून आमचा कल काढ्याकडेच. काडीवर ठळक गाठीगाठी दिसल्या तर ती दुसरी जात असू शकते, घेऊ नका.

दोन्हींसोबत पथ्य सारखंच: तापात तांबडा रस्सा बाजूला, मुगाचं कढण आणि मऊ भात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, आधी डॉक्टरांना विचारा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर लगेच थांबवून तपासणी करा.