क्वालिसचं इंजिन दुसऱ्यांदा बांधलं, बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या गॅरेजचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमच्याकडे बाबांची २००३ ची टोयोटा क्वालिस आहे, तेच २४४६ सीसीचं बिनटर्बोचं डिझेल. गेलं वर्षभर सकाळी दांडिया बाजारच्या आमच्या गल्लीत स्टार्ट केली की निळा धूर, समोरच्या आजी खिडकीच लावून घ्यायच्या, आणि दर हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल ओतायचं. बरं हे इंजिन सहा वर्षांपूर्वी एकदा 'फुल' (म्हणजे पूर्ण खोलून नव्याने बांधून) झालेलं होतं, बडोद्यातल्याच एका गॅरेजने (नाव नाही घेत, आता भांडून काय मिळणार) पैसे फुल इंजिनचे घेतले आणि पिस्टनवरच्या नुसत्या नवीन रिंगा टाकून गाडी परत दिली. सहा-आठ महिने मस्त चालली, मग हळूहळू परत तेच.

यावेळी ऑफिसातल्या एकाने मकरपुरा जीआयडीसीजवळचं (तिथली औद्योगिक वसाहत) हे गॅरेज सांगितलं, बोर्ड पण धड नाही. मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका धूर. मग हीटर प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) घेतलं, तीन सिलेंडर २५-२६ बार आणि तीन नंबरचा फक्त १७. हेड उतरवल्यावर मला फोन करून बोलावलं आणि म्हणाले, "साहेब, अंदर नख फेरवी जुओ." फिरवलं. बोअरच्या (पिस्टन जिथे वर-खाली होतो त्या नळीच्या) वरच्या कडेखाली नख चक्क अडकतं! वरची रिंग जिथून उलटी फिरते तिथे तेल कमी आणि उष्णता-दाब सगळ्यात जास्त, म्हणून झीज तिथेच, आणि त्याच्या वर रिंग पोचतच नाही म्हणून कडा कोरी राहते. अशा घासून अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये कितीही भारी रिंग टाका, बसणार कशी?

पण माझ्या मते पैसे वसूल झाले ते वेगळ्याच गोष्टीत. एअर फिल्टरपासून आत जाणारा रबरी पाइप क्लिपजवळ खालच्या बाजूने चिरलेला होता, वरून काही दिसत नव्हतं, पाइप वाकवून दाखवला तेव्हा कळलं. म्हणजे फिल्टर मी इमानदारीने बदलत होतो आणि धूळ त्याच्या पुढून सरळ सिलेंडरमध्ये. मागच्या वेळी हे कोणी बघितलंच नाही, नाहीतर रिंगा इतक्या लवकर गेल्या नसत्या.

बोअर ०.५० मिमी ओव्हरसाइज (मोठे) केले, तेही पिस्टन आधी हातात घेऊन, प्रत्येकाचं माप वेगळं बघून. होनिंगच्या (बोअर आतून घासून घेण्याच्या) तिरप्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. क्रँकशाफ्ट ०.२५ मिमीला ग्राइंड. पिस्टन ब्लॉकच्या वर किती निघतं ते डायल गेज लावून मोजलं आणि त्या हिशोबाने हेड गास्केटची जाडी घेतली, हे मी पहिल्यांदाच बघितलं, आधीच्यांनी दुकानात जे मिळालं ते लावलं असणार. चारही सिलेंडरची वर-मध्ये-खाली मापं लिहिलेला ऑइलचे डाग पडलेला कागद बिलासोबत मिळाला, तो मी आरसी बुकात ठेवलाय.

आता तक्रारी. १२ दिवस सांगून २७ दिवस लावले, रोज "काले चोक्कस" (उद्या नक्की). डिझेल पंप आणि नोझलचे १४ हजार वेगळे लागणार हे इंजिन खोलल्यावर सांगितलं, एकूण ८३ हजार झाले, बाबांना मी आकडा थोडा कमीच सांगितलाय. एक स्टार कट त्यासाठी.

हजार किलोमीटरला ऑइल बदललं, आता चार हजार झालेत, डिपस्टिकवर जेमतेम केसभर फरक. मागच्या रविवारी सात जण बसवून पावागडला माचीपर्यंत चढवली, दुसऱ्या गिअरमध्ये आरशात बघत होतो, धूर नाही. फक्त टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून थोडं तेल पाझरतंय, शनिवारी परत दाखवायला जायचंय, फुकटात करून देतो म्हणालेत.