आठ कोॲक्स, एकच कनेक्टर: ३८९९९ मालिका ३ चा अनुभव

कोकण किनाऱ्यावरच्या आमच्या टॉवरवर एक्स बँडचा (८ ते १२ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरींचा) आठ चॅनेलचा रिसीव्हर आहे. त्याच्या आठही कोॲक्स केबल (मधली तार आणि तिच्याभोवती धातूचे आवरण असलेल्या) पूर्वी स्वतंत्र एसएमए कनेक्टरने, म्हणजे नटाने आवळायच्या छोट्या जोडणीने, जोडलेल्या होत्या. युनिट दुरुस्तीसाठी उतरवले की परत चढवताना प्रत्येक नट टॉर्क स्पॅनरने सुमारे ०.९ न्यूटन-मीटरला आवळायचा आणि भर वाऱ्यात, डोळ्यांत तेल घालून, केबलचे क्रमांक जुळवायचे. एक नट जरी सैल राहिला तरी त्या चॅनेलचे मोजमाप बिघडे.

त्याजागी आम्ही मिल-डीटीएल-३८९९९ या अमेरिकी लष्करी मानकातल्या मालिका ३ चा गोल कनेक्टर बसवला. त्याच्या एकाच शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, आठ मायक्रोवेव्ह कोॲक्स कॉन्टॅक्ट (प्रत्येक केबलचे जोडटोक) आहेत. शेलमधल्या खाचांमुळे तो चुकीच्या कोनात बसतच नाही, तिहेरी आट्यांमुळे कपलिंग रिंग एका फेऱ्यात बसते आणि पूर्ण बसल्यावर सॉकेटवरचा लाल पट्टा झाकला जातो. अंधारात टॉर्च मारून तो पट्टा दिसत नाही ना एवढे पाहिले की खात्री होते.

खरी कसोटी फेजची, म्हणजे लहर तिच्या आवर्तनात नेमकी कुठे आहे याची, असते. १० गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी ३० मिलिमीटर असल्यामुळे मार्गाच्या लांबीत ०.१ मिलिमीटरचा फरकही सुमारे १.२ अंशांची फेज बदलतो. म्हणून कॉन्टॅक्ट मागून स्प्रिंगने दाबलेले, किंचित हलू शकणारे असणे अत्यावश्यक आहे, कारण शेलची उत्पादनातील तफावत आणि टॉवरचा कंप सोसूनही दोन्ही तोंडे एकमेकांना टेकलेली राहतात. आम्ही नेटवर्क ॲनालायझरवर (फेज मोजून आलेख दाखवणाऱ्या यंत्रावर) हा कनेक्टर वारंवार सोडून जोडून पाहिला. प्रत्येक वेळी नवी रेषा जुन्या रेषेवरच पडली, आणि ते पाहून मला फार समाधान वाटले. ज्या कॉन्टॅक्टला अशी स्प्रिंग नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी या कामाला घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्लेटिंगच्या, म्हणजे शेलवरच्या धातूच्या मुलाम्याच्या, बाबतीत मात्र मनस्ताप झाला. आम्ही डब्ल्यू या संकेताक्षराचे, म्हणजे ऑलिव्ह रंगाचे कॅडमियम मागवले होते, ज्याला खाऱ्या फवाऱ्याच्या चाचणीत ५०० तास टिकावे लागते. पुरवठादाराने एफ, म्हणजे निकेल पाठवले, ज्यासाठी ही अट अवघ्या ४८ तासांची आहे. निकेल २०० अंश सेल्सिअसपर्यंत चालते खरे, पण समुद्रकाठी ते गुण काय कामाचे? माल बदलून मिळेपर्यंत अख्खा पावसाळा गेला. कॅडमियम विषारी असल्याने ज्यांना ते चालत नाही, त्यांनी काळे झिंक-निकेल मागवावे. त्यालाही ५०० तासांचीच अट आहे.

दोन-तीनच लाइन असतील तर एसएमए पुरेसे आहेत. आठ लाइन असतील आणि युनिट वरचेवर उतरवावे लागत असेल तर हा कनेक्टर किमतीला नक्की उतरतो. फक्त कॉन्टॅक्ट काढण्याचे हत्यार आणि साखळीचे धूळझाकण त्याच ऑर्डरमध्ये लिहावे, कारण आम्हाला ती दोन्ही नंतर वेगळी मागवावी लागली.