सोफ्याशेजारी कोणतं टेबल: जुनं शिसवी की दुकानातलं नवं?

दर जुलैत गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या हॉलमध्ये दोन टेबलांची परीक्षा व्हायची. सोफ्याच्या डाव्या हाताला आजेसासूबाईंच्या वेळचं शिसवी टेबल, कातलेल्या पायांचं, एका खणाचं. उजव्या हाताला मी ऑनलाइन मागवलेलं नवं, पांढरं, हलकं, फोटोत फार गोड दिसणारं. त्यानं दोन पावसाळे काढले. रोज फरशी पुसताना ओलं फडकं पायांना लागायचं, एवढंच. तेवढ्यानं पाय खालून चहात बुडवलेल्या पावासारखे फुगले, कडेची पट्टी सुटली आणि आतला दाबलेला भुसा दिसू लागला. जुनं टेबल मात्र ठणठणीत आहे. फक्त त्याचा खण जूनमध्ये अडकतो तो चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होऊन गेली तरी उघडत नाही. गॅसचं पुस्तक त्यात असतं.

धाकट्या जावेनं पर्वरीला फ्लॅट घेतला, तेव्हा तिनं विचारलं, "वहिनी, सोफ्याच्या बाजूला जुनं घेऊ की नवं?" मी म्हटलं, आधी टेप घेऊन सोफ्याच्या हाताची उंची मोज, मग बोलू.

ही उंची कोणी मोजत नाही आणि घोळ तिथेच होतो. बाजूचं टेबल सोफ्याच्या हाताइतकं किंवा त्याहून इंच-दोन इंच खाली असावं. म्हणजे न बघता हात टाकला तरी कप सापडतो. हल्लीच्या बहुतेक सोफ्यांचे हात २२ ते २५ इंचांवर असतात. जुनी टेबलं पुष्कळदा २८-३० इंचांची निघतात, कारण ती आजच्यासारख्या बसक्या सोफ्यासाठी केलेलीच नव्हती. ती भिंतीला टेकून उभी असत. वर दिवा, फुलदाणी किंवा तसबीर, आणि शेजारी ताठ पाठीची उंच खुर्ची. दक्षिण गोव्यातल्या चांदरचा, पोर्तुगीज काळातला मिनेझिश ब्रागांझांचा वाडा पाहिलात तर कळेल की या सामानाला केवढं छत आणि केवढी भिंत लागते. तसलं टेबल फ्लॅटमधल्या सोफ्याला लावलं की चहा खांद्याशी येतो आणि दिव्याचा बल्ब थेट डोळ्यांत.

मग पाय कापायचे? मी मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, हेच विचारलं होतं. त्यानं टेबल उलटं केलं, पायावरून हात फिरवला आणि म्हणाला, "पांय कापूंक जातात, उपरांत वाडोवंक जायनात." म्हणजे पाय कापता येतात, नंतर वाढवता येत नाहीत. कातीव पाय खालून कापला की त्याची गोलाई तुटते, टेबल गुडघ्यातून खुडल्यासारखं दिसतं आणि पुढे विकायला काढलं तर किंमतही पडते. जुनंच हवं असेल तर बुटकंच शोधा. जुनी पेटी, पाट्याएवढं स्टूल, कुंडी ठेवायची घडवंची, यातलं काहीही सोफ्याशेजारी टेबलाचं काम करतं. नाव टेबल नसलं म्हणून बिघडत नाही. 'टीपॉय' हा शब्दही आपल्याच तिपाईवरून इंग्रजीत गेला आणि तिथून टाय लावून परत आला.

नव्याची बाजू इथे सरळ जिंकते. हवी ती उंची मिळते, वजन कमी असतं, पाहुणे आले की उचलून दुसरीकडे नेता येतं. शिसवी टेबल हलवायला आमच्याकडे दोघं लागतात आणि त्यातला एक कुरकुरतो.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. अख्खं लाकूड या दिवसांत ओल पिऊन आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात परत आकसतं. खण अडकतो तो यामुळेच. भुशाच्या बोर्डाचं तसं नाही. तो एकदा फुगला की फुगला, वाळल्यावर जागेवर येत नाही आणि स्क्रूची पकडही जाते. म्हणून माझं मत पक्कं आहे: गोव्यात नवं घ्यायचंच तर बोर्डाचे पाय असलेलं टेबल घेऊ नका, ते कितीही सवलतीत असो. वरची फळी एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, चालेल, पण जमिनीला टेकणारं काहीही लाकूड किंवा लोखंड असावं. लोखंडाला पावडर कोटिंग हवं. फोंडा-डिचोलीकडे ते वर्षानुवर्षं टिकतं, पण घर किनाऱ्याला असेल तर खारा वारा एखादा ओरखडा शोधून तिथूनच गंज चढवतो. तिथे लाकडाचे पाय बरे.

दुकानात 'शीशम' म्हणून जे नवं भरीव लाकूड दाखवतात, ते बहुधा उत्तरेकडचं शीशम, सोनेरी-तपकिरी. आपल्या जुन्या घरांतला शिसव वेगळा, जांभळट काळा आणि जड. दोघं एकाच कुळातले चुलतभाऊ, पण भाव एक नाही. नवं शीशम वाईट मुळीच नाही. फक्त राजस्थानच्या कोरड्या हवेत बनलेलं टेबल पहिल्या पावसाळ्यात इथली ओल पिणार, हे धरून चाला आणि फळ्या अगदी गच्च बसवलेलं घेऊ नका.

जुन्यात भीती किड्याची. सागाच्या नि शिसवाच्या गाभ्याला कीड सहसा तोंड लावत नाही, पण कडेचा फिकट पांढरा भाग ती आवडीनं खाते. भोकं दिसली म्हणून लगेच पळू नका. भोक आतून काळपट असेल तर किडा बहुधा कधीच गेलेला असतो. आतून ताजं, फिकट दिसलं तर टेबलाखाली काळा कागद अंथरून चार-सहा दिवस थांबा. कागदावर पिठासारखी भुकटी पडली तर किडा अजून घरात आहे. विकणारा थांबायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

खरं जुनं ओळखायला वरून पाहू नका, उलटं करा. खालच्या फळीवर रंधा मारल्याच्या उंचसखल लाटा हाताला लागतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकाच्या आधी नव्हता. तो दिसला तर टेबल तरी नंतरचं किंवा दुरुस्ती तरी. बार्देशातल्या दुकानांत 'गोव्याचं पोर्तुगीज काळातलं' म्हणून तमिळनाडूतल्या चेट्टिनाडचं सामानही उभं असू शकतं. आवडलं तर जरूर घ्या, पण किंमत गोष्टीची देऊ नका, लाकडाची द्या. आणि दुबईला किंवा लिस्बनला न्यायचा बेत असेल तर १९७२चा पुरावस्तू कायदा आडवा येतो: शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. जुन्या टेबलावर लाखेचं पॉलिश असतं आणि लाख विरघळते ती दारूत. कोकमाचा पेला ठेवला तर पांढरट वळं उमटतं, ते कधी कधी पुसलं जातं. फेणी सांडली तर पॉलिशच निघतं. आमच्या टेबलावर एका नाताळाचा पुरा गोल ठसा आहे. आता त्यावर विणलेला रुमाल असतो नि पाहुण्यांना वाटतं मी हौशी आहे. नव्या मेलामाइन किंवा पीयूच्या पॉलिशला या गोष्टीचं काही वाटत नाही.

पैशांचं फार बोलत नाही. बोर्डाचं नवं सगळ्यात स्वस्त, भरीव शीशम मध्ये, आणि जुन्याचा भाव गिऱ्हाइकाच्या चपला बघून ठरतो. त्यात मेस्ताची मजुरी नि पॉलिश धरा.

जावेनं शेवटी सोफ्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी टेबलं घेतली. पाहुणे बसतात तिकडे २३ इंची नवं, लोखंडी पायांचं, वर कडाप्पा. स्वतः वाचत बसते त्या कोपऱ्यात म्हापशाहून आणलेलं सागाचं जुनं स्टूल. जोडी जुळत नाही म्हणून सासूबाई पहिल्या दिवशी नाराज होत्या. नंतर स्टूलच उचलून देवासमोर नेऊ लागल्या, समई ठेवायला.

आमच्या खणाला मे महिन्यात मेणबत्ती घासायची, मेस्तानं सांगून ठेवलंय. यंदाही राहिली. गॅसचं पुस्तक आतच आहे.