पंधरा मीटरची एचडीएमआय केबल : आधी टोकं बघा, मग ओढा

आमचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये. दोन्ही जोडायला एचडीएमआय केबल हवी, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी. मध्ये एक भिंत आणि वाटेत फ्रिज. सुतळी लावून मोजलं तर दाराच्या चौकटीवरून, फ्रिजच्या मागून, शोकेसपर्यंत बारा मीटर भरले. या बारा मीटरांपायी मी दोन महिन्यांत दोन केबल घेतल्या, वायरमनला दोनदा बोलावलं आणि भर दुपारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, रिक्षाचं भाडं घालवलं ते वेगळंच.

"स्मार्ट टीव्ही आहे ना, मग कॉम्प्युटर कशाला जोडताय?" असं दुकानदारानेही विचारलं. त्याचं उत्तर आमच्या सासूबाई. त्यांच्या चाळीसेक व्हीसीडी मी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्यात. शिवाय मुलाच्या लहानपणच्या हँडीकॅमच्या कॅसेटी, आणि पुतणीच्या लग्नाचा अकरा जीबीचा ४के, म्हणजे फार बारीक ठिपक्यांच्या चित्राचा, व्हिडिओ. पेन ड्राइव्ह करून पाहिला. फॅट-३२ (फायली साठवायची जुनी पद्धत) असलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल चढत नाही, तेव्हा लग्न बाहेरच राहिलं. व्हीसीडीच्या फायली टीव्हीला ओळखूच येईनात. एका सिनेमात चित्र दिसायचं पण आवाज नाही, कारण त्यातला आवाज डीटीएस नावाच्या पद्धतीचा होता आणि आमच्या टीव्हीला तो कळत नाही. वायरीशिवाय जोडायचं म्हणून कीबोर्डवरची विंडोज आणि के ही बटणं दाबून तेही केलं. पंधरा मिनिटांत ओठ एकीकडे, शब्द दुसरीकडे. नमस्कार केला आणि केबल आणायला निघाले.

पहिली केबल तांब्याची, पंधरा मीटर, साडेआठशे रुपये. खोक्यावर ठळक '८के' छापलेलं, म्हणजे ४केहूनही बारीक चित्र. मी तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलंय, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. एचडीएमआयच्या तांब्याच्या तारेत अंतर वाढलं की सिग्नल क्षीण होत जातो, आणि चित्र जितकं बारीक तितका तो लवकर दगा देतो. पाच-सात मीटरपर्यंत साधी केबल निभावते. पंधरा मीटर आणि वर ८के हे साडेआठशे रुपयांत होत नाही. पण खोकं चकचकीत होतं, काय करता.

१०८०पीवर, म्हणजे ४केच्या खालच्या साध्या फुल एचडीवर, ती चालली, हे प्रामाणिकपणे सांगते. ४के लावलं की पडद्यावर पांढरे ठिपके चमचम करायला लागायचे. आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की १०८०पीवरसुद्धा दोन सेकंद काळोख. हे हॉलमधून ओरडायचे, "अगं, गेलं बघ!" मी आतून माऊस सोडून धावत येईपर्यंत चित्र परत आलेलं असायचं. पुतणीची सप्तपदी चौथ्या पावलावर तीनदा अडकली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, फ्रिज हलवा." फ्रिज!

मग दुसऱ्या दुकानातून फायबरची घेतली. पंधरा मीटर, तीन हजार दोनशे. हिच्या आत चित्रासाठी काचेचे तंतू असतात. एका टोकाच्या प्लगमधली चिप विजेचा सिग्नल प्रकाशात बदलते, दुसऱ्या टोकाची चिप प्रकाशाचा परत विजेचा करते. त्यासाठी लागणारी वीज ती त्याच पोर्टातून घेते, वेगळा अडॅप्टर नको. हातात घेतली तर पहिलीच्या निम्मी जाड, आणि फ्रिजशी हिचं काही देणंघेणं नाही.

आता माझी चूक. तांब्याची साधी केबल कशीही लावा, दोन्ही टोकं सारखीच. फायबरची एकाच दिशेने चालते. एका प्लगवर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं, आमच्या केबलवर तर काळ्यावर काळं, चष्मा लावूनही तिरकं धरल्याशिवाय दिसेना. वायरमनने भिंतीला ड्रिल मारलं, प्लग जाईल एवढं भोक पाडलं, पट्टी ठोकली, केबल दाबून बसवली, झाकण लावलं. टीव्ही लावला तर 'नो सिग्नल'. इनपुट बदलून पाहिलं, कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. मुलाला बंगळुरूला फोन लावला. तो म्हणाला, "आई, विंडोज आणि पी दाब, डुप्लिकेट कर." तिथे दुसरा पडदाच दिसेना. अर्ध्या तासाने मी प्लग उजेडात धरला आणि 'डिस्प्ले' वाचलं, तेही कॉम्प्युटरच्या मागे उभी राहून.

वायरमन काही बोलला नाही. त्याने फक्त पट्टीकडे वर पाहिलं आणि शिडी पुन्हा उघडली. चहा दोनदा झाला, मजुरीही दीडपट दिली. म्हणून सांगते, भिंतीत घालण्याआधी केबल जमिनीवर पसरून एकदा चालवून बघा. आणि ओढताना प्लगला धरून ओढू नका, कोपऱ्यात कचकन वाकवू नका. काच आहे ती.

जोडताना आणखी एक प्रकार झाला. प्लगचा पत्रा कॉम्प्युटरच्या डब्याला लागला तेव्हा हाताला मुंग्या आल्या. टेस्टर लावला तर डब्यावर तो मिणमिणत होता. एक्स्टेंशन बोर्डची अर्थिंगची तार आत जोडलेलीच नव्हती! अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडी गळती डब्यावर येते, आणि ती टीव्हीच्या पोर्टात गेली तर पोर्ट जळू शकतो. बोर्ड नीट करून घेतला. तेव्हापासून प्लग काढते-घालते ते टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हींची बटणं बंद करूनच.

चित्र आल्यावरही बसून बघता येईना, अर्धा तास सेटिंग्जमध्ये गेला. विंडोजची खालची पट्टी टीव्हीच्या कडेबाहेर गेलेली. टीव्हीच्या मेनूत पिक्चर साइज 'जस्ट स्कॅन' केल्यावर ती वर आली (तुमच्या टीव्हीत नाव वेगळं असेल). आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरमधूनच येत होता, तो स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीच्या नावाला लावावा लागतो. आमचा कॉम्प्युटर २०१६ चा, त्याचा पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चा. त्यामुळे ४के मिळतं ते सेकंदाला तीस चित्रांचंच आणि माऊस लंगडतो. सिनेमाला काही फरक पडत नाही, सिनेमा मुळात चोवीस चित्रांचा. तुमच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाच्या पोर्टात लावा, वरच्या मदरबोर्डाच्या नाही. माझ्या जावेने तिथेच अख्खी संध्याकाळ घालवली.

बिनवायरी कीबोर्डचं गाऱ्हाणं वेगळं. त्याचा रिसीव्हर कॉम्प्युटरच्या मागे, निळ्या यूएसबी पोर्टाशेजारी, वर मध्ये भिंत. हॉलमधून दहा बटणं दाबली तर चार पोचायची. यूएसबी ३ च्या पोर्टांचा या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्रास होतो. दोनशे रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन आणून रिसीव्हर दारापर्यंत आणला. आता सोफ्यावरून व्हीएलसीत (व्हिडिओ बघायचा प्रोग्राम) जे आणि के दाबून आवाज ओठांशी जुळेपर्यंत मागेपुढे करते, जी आणि एच दाबून सबटायटल.

तीन हजार दोनशे वसूल झाले का? लग्नाच्या व्हिडिओसाठी हो. शालूचा काठ मोजून घ्यावा इतका स्वच्छ दिसतो. पण व्हीसीडीचं चित्र मुळात ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यासाठी काचेची केबल म्हणजे कोथिंबीर आणायला ट्रक काढण्यासारखं. तुमचा टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत असतील तर तीन मीटरची साधी केबल घ्या, तीनशेच्या आत येते, आणि वरचं सगळं विसरा. खोल्या दोन असतील आणि ४के हवं असेल तरच फायबर. वॉरंटी एक वर्षाची, बिल मी शोकेसच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय. उरलेली तीन मीटर केबल त्याच शोकेसमागे मोठं वेटोळं करून ठेवली.

पहिल्या रविवारी सासूबाईंना त्यांचा सिनेमा लावून दिला. चार बाय तीनचं जुनं चित्र रुंद पडद्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं.

"एवढा मोठा टीव्ही घेतलात, आणि बाजूचा चालत नाही होय गं?"

मी व्हीएलसीत ए दाबून चित्र ताणून दिलं. नायिका एकदम गुबगुबीत झाली. "हं, आता बरंय," म्हणाल्या, आणि शेंगा सोलायला घेतल्या.