दोन मॉनिटरांसाठी स्टँडिंग डेस्क: एका पूर्ण पावसाळ्यानंतरचा अनुभव

स्टँडिंग डेस्क, म्हणजे बसून किंवा उभ्याने काम करण्यासाठी बटणाने उंची कमी-जास्त होणारे टेबल, विकणारे मोटारी किती, वजन किती उचलते आणि वेग किती, या तीन गोष्टींवर भर देतात. दोन मॉनिटर लावून दिवसभर काम करणाऱ्या माणसाला मात्र त्यांच्याहून दोन वेगळी मापे अधिक महत्त्वाची ठरतात, असे माझे अनुभवाअंती ठाम मत झाले आहे. पहिले माप म्हणजे टेबल खाली किती येते, आणि दुसरे म्हणजे ते आपल्या उभ्या उंचीपर्यंत वर गेल्यावर किती डुलते. पहिले माप माहितीपत्रकात असते, पण ते नीट वाचावे लागते. दुसरे कोणत्याच माहितीपत्रकात नसते, त्यामुळे ते स्वतःच्या हाताने तपासण्याला पर्याय नाही.

आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला कासारवडवलीच्या बाजूस राहतो. माझे काम इमारतींच्या स्ट्रक्चरल ड्रॉइंगचे असून आठवड्यातले काही दिवस ऐरोलीच्या ऑफिसात आणि उरलेले घरून असे ते चालते. एका 27 इंची मॉनिटरवर ड्रॉइंग आणि दुसऱ्यावर आर्किटेक्टचा नकाशा किंवा हिशेबाची शीट, अशी माझी मांडणी आहे. संध्याकाळनंतर हेच टेबल माझे यजमान वापरतात. माझी उंची 155 सेंटीमीटर आणि त्यांची 178. टेबल एकच आणि माणसे दोन, तीही एवढ्या फरकाची, त्यामुळे निवड करताना आधी मापपट्टी हातात घेणे भाग होते.

कीबोर्डवर हात ठेवताना कोपर साधारण काटकोनात राहावे आणि खांदे वर उचलले जाऊ नयेत, हा मूळ नियम. त्या हिशेबाने बसून काम करताना माझ्या कोपराची उंची जमिनीपासून सुमारे 62 सेंटीमीटर भरली आणि उभ्याने सुमारे 97. यजमानांची उभ्याने 112 च्या आसपास. म्हणजे आम्हाला 62 ते 112 असा पल्ला हवा होता. आपल्याकडची नेहमीची लिहिण्याची टेबले 75 सेंटीमीटरच्या आसपास असतात आणि माझ्या उंचीच्या बायका वर्षानुवर्षे खुर्ची उंच करून, पाय पाटावर किंवा फूटरेस्टवर टेकवून त्यांवर काम करतात. उंची बदलणारे टेबल घेऊनही हे चुकणार नसेल, तर निम्मे पैसे वाया गेले असे समजावे. पायांचे खांब दोन टप्प्यांचे, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे, असले की टेबल बहुधा 70 सेंटीमीटरच्या खाली येत नाही. तीन टप्प्यांचे असले तर ते 60 ते 62 पर्यंत उतरते. शिवाय काही विक्रेते हे माप फळीसकट देतात आणि काही केवळ सांगाड्याचे देतात, त्यामुळे माहितीपत्रकातला 70 हा आकडा फळी बसल्यावर 72.5 होतो. आम्ही तीन टप्प्यांचा सांगाडा घेतला. फळीविना त्याची सर्वांत कमी उंची 60 सेंटीमीटर आहे आणि अडीच सेंटीमीटरची फळी धरून ती 62.5 होते. बसून काम करताना माझे तळपाय पूर्ण जमिनीवर टेकतात आणि मानेच्या मुळाशी दुपारनंतर येणारा ताण जवळजवळ गेला आहे. उभे राहण्याच्या सोयीसाठी घेतलेल्या टेबलाचा मला सर्वांत मोठा लाभ बसताना झाला, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

वजनाचा हिशेब सोपा आहे. पाच फूट बाय अडीच फूट मरीन प्लायची फळी 18 ते 20 किलो भरते. स्टँड काढलेला 27 इंची मॉनिटर साधारण 4 ते 5 किलोचा, म्हणजे दोन्ही मिळून फार तर 10 किलो. मॉनिटर स्टँडऐवजी फळीच्या कडेवरून धरणारे दोन आर्म, लॅपटॉप, त्याला मॉनिटर जोडणारा डॉक, स्पीकर आणि वहीपुस्तके धरली तरी एकूण 45 किलोंच्या पुढे जात नाही. तेव्हा 120 किलो उचलणारे आणि 140 किलो उचलणारे टेबल यांतील फरकासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसले नाही. वेगाचेही तसेच. एका मोटारीचे टेबल बहुधा सेकंदाला 25 मिलिमीटर आणि दोन मोटारींचे 35 च्या आसपास चढते, मला 62.5 वरून 97 वर जाण्यास त्यामुळे चौदाऐवजी दहा सेकंद लागतात. तरीही मी दोन मोटारींचेच सुचवेन, कारण दोन मॉनिटरांचे वजन क्वचितच अगदी मध्यावर येते आणि प्रत्येक पायाला स्वतंत्र मोटार असली की एका बाजूला जास्त भार असतानाही टेबल सहज चढते. आवाजही कमी होतो. शेजारच्या खोलीत सासूबाई दुपारी झोपलेल्या असताना बटण दाबण्यास मला संकोच वाटत नाही.

आता डुलण्याविषयी. खांब जितका बाहेर येतो, तितका एका नळीचा दुसऱ्या नळीतला शिरकाव कमी होतो आणि सांध्यांतली सूक्ष्म ढिलाई वरच्या टोकाला मोठी होऊन दिसते. त्यावर मॉनिटर आर्म लावला, की मॉनिटरचा मध्य फळीच्याही 40 ते 45 सेंटीमीटर वर जातो. फळीच्या कडेला दोन मिलिमीटर इतकी हालचाल झाली, तरी मॉनिटरच्या वरच्या कडेला ती स्पष्ट जाणवते आणि बारीक रेषांचे ड्रॉइंग पाहणाऱ्या डोळ्यांना तिचा त्रास होतो. माझ्या 97 सेंटीमीटरला टेबल जवळजवळ स्थिर असते. यजमानांच्या 112 ला जोरात टाइप केले की दोन्ही पडदे किंचित थरथरतात. ते सर्व बोटांनी हलके टाइप करणारे असल्याने त्यांचे निभावते, पण पावणेसहा फुटांहून उंच माणसाने हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा.

डुलणे दोन प्रकारचे असते. डावी-उजवीकडची हालचाल दोन पायांमधल्या आडव्या पट्टीने पुष्कळ आवरली जाते. पुढे-मागे होणाऱ्या हालचालीवर मात्र त्या पट्टीचा फारसा उपयोग नसतो. ती जमिनीवर टेकणाऱ्या आडव्या पायांची लांबी आणि खांबांची जाडी यांवर अवलंबून असते, आणि टाइप करताना नेमकी हीच हालचाल अधिक होते. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्स दिसतात सपाट, पण बाल्कनी आत घेऊन मोठ्या केलेल्या खोल्यांत उतार हमखास असतो. पायांखालचे फिरवून उंची जुळवणारे स्क्रू चारही कोपऱ्यांत घट्ट टेकले आहेत याची खात्री केल्यावर आमच्या टेबलाचे निम्मे डुलणे कमी झाले. त्यामुळे टेबल डुलते अशी तक्रार करण्यापूर्वी हे अवश्य पाहावे.

आर्म कोणता घ्यावा, हाही याच विषयाचा भाग आहे. एकाच खांबावर दोन मॉनिटर धरणारा आर्म स्वस्त पडतो आणि नीटनेटका दिसतो. परंतु त्यामुळे सगळा भार फळीच्या मागच्या कडेला, मधोमध, एकाच ठिकाणी येतो आणि नेमकी तिथेच फळी सर्वांत जास्त लवते. सुरुवातीला आमच्याकडे तसाच आर्म होता. नंतर दोन स्वतंत्र गॅस स्प्रिंग आर्म घेऊन ते शक्य तितके दोन्ही पायांच्या जवळ बसवले, आणि थरथर डोळ्यांना जाणवण्याइतकी कमी झाली. या आर्मच्या स्प्रिंगचा ताण मॉनिटरच्या वजनाप्रमाणे अ‍ॅलन कीने जुळवावा लागतो, नाहीतर मॉनिटर हळूहळू खाली येतो किंवा वर जातो. मॉनिटरच्या पाठीमागे 100 मिलिमीटर बाय 100 मिलिमीटर अंतराची, आर्म जोडण्यासाठीची चार व्हेसा छिद्रे आहेत ना, हेही खरेदीपूर्वी पाहावे. काही स्वस्त मॉनिटरांना ती नसतात.

दुकानात टेबल पाहताना ते कमरेएवढ्या उंचीवर ठेवलेले असते आणि त्या उंचीवर कोणतेही टेबल भक्कम वाटते. ते स्वतःच्या कोपरापर्यंत वर घ्यावे, पुढच्या कडेवर तळहात टेकवून हलकेच पुढे-मागे ढकलावे आणि हात काढल्यावर हालचाल किती वेळ राहते ते पाहावे. तुर्भ्याला आयकियाचे दुकान डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईकरांना अशी टेबले हाताळून पाहण्याची सोय झाली आहे. तिथले घ्यायचे नसले तरी उंचीचा आणि डुलण्याचा अंदाज येण्यासाठी ती फेरी उपयोगी ठरते.

फळी आम्ही कंपनीची घेतली नाही. तिच्याकडे मिळणारी पार्टिकल बोर्डची होती आणि माझे तिच्याविषयी दोन आक्षेप होते. आर्मचा क्लॅम्प कडेवर थोड्या जागेत मोठा दाब देतो आणि त्याखाली पार्टिकल बोर्ड हळूहळू दबत जातो. दुसरे म्हणजे ठाण्याचा पावसाळा. खाडीच्या बाजूने येणारी दमट हवा जून ते सप्टेंबर घरात भरून राहते, आणि वायरींसाठी पाडलेल्या भोकाची कड उघडी राहिली तर तिथून फळी फुगू लागते. म्हणून केवळ सांगाडा मागवला आणि ओळखीच्या मिस्त्रींकडून आयएस 710 (मरीन प्लायचे भारतीय मानक) दर्जाच्या मरीन प्लायचे दोन थर चिकटवून 150 बाय 75 सेंटीमीटरची फळी करून घेतली, वर मॅट सनमाइका लावला आणि चारही कडा तसेच भोकाची आतली कड पट्टीने व सीलरने बंद केली. क्लॅम्पखाली लोखंडी पट्टीही ठेवली. पावसाळा संपल्यावर तपासले असता फळी कुठेही वाकलेली वा फुगलेली नव्हती. सांगाड्याच्या दोन-तीन स्क्रूंच्या डोक्यांवर मात्र गंज दिसला.

रुंदीचा हिशेबही सांगते. 27 इंची मॉनिटर सुमारे 61 सेंटीमीटर रुंद असतो, म्हणजे दोन शेजारी ठेवले की 122. चार फुटी फळीवर ते कडेपर्यंत येतात आणि स्पीकर किंवा दिवा ठेवण्यास जागा उरत नाही. खोलीत जागा असेल तर पाच फूटच घ्यावे. फळी पुढून मागे 75 सेंटीमीटर असली की पडदा डोळ्यांपासून हातभर अंतरावर राहतो. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी, की आर्म घडी झाल्यावर त्याचे कोपर टेबलामागे दहा-पंधरा सेंटीमीटर बाहेर येते आणि टेबल भिंतीला चिकटवता येत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत हे अंतर खटकते. आमची मागची भिंत पावसात ओल धरते, त्यामुळे ते अंतर आमच्या पथ्यावरच पडले.

वायरींचे काम टेबल बसवण्याइतकेच वेळखाऊ आहे आणि ते मन लावून करावे. एक्स्टेन्शन बोर्ड, डॉक आणि अ‍ॅडाप्टर हे सर्व फळीखालच्या जाळीत बसवले, की टेबलाबरोबर सर्व काही वर-खाली होते आणि जमिनीकडे मोजक्याच वायरी जातात. यूपीएस जड असल्याने तो आम्ही जमिनीवर ठेवला, आणि त्याची वायर टेबल सर्वांत वर असताना मोजून तिला वर थोडी ढील दिली. मोटारींची वायर मात्र यूपीएसवर न लावता थेट भिंतीतल्या प्लगला लावली आहे, कारण टेबल चढताना लागणारा भार छोट्या यूपीएसला झेपेलच असे नाही. वीज गेली की टेबल आहे त्या उंचीवर थांबते. चालू असताना मध्येच गेली तर आमचा कंट्रोलर नंतर चुकीची उंची दाखवतो. तेव्हा खाली जाण्याचे बटण दाबून धरून टेबल पार तळापर्यंत नेले, की तो पुन्हा जुळतो. मोटारी सतत चालवण्यासाठी नसतात. दोन मिनिटे चालल्यावर अठरा मिनिटे विश्रांती असे प्रमाण बहुतेक कंपन्या देतात. घरी आलेल्या भाचरांना ते समजावणे कठीण असल्याने बटणे लॉक करण्याची सोय असलेलाच कंट्रोलर घ्यावा.

उभे राहून वजन उतरेल, या आशेने कोणी हे टेबल घेऊ नये. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासात, उभे राहिल्याने बसण्याच्या तुलनेत मिनिटाला केवळ 0.15 किलोकॅलरी अधिक खर्च होते असे आढळले होते. फायदा आहे तो स्थिती बदलत राहण्याचा. मी सकाळच्या मीटिंगा आणि ड्रॉइंग तपासणे उभ्याने करते, तर बारीक रेखाटन बसून, कारण माउस अचूक चालवण्यासाठी हाताला टेकू लागतो. टाइलवर अनवाणी उभे राहिल्याने टाचा दुखतात. त्यासाठी जाड रबरी मॅट लागतेच आणि तिची किंमत टेबलाच्या हिशेबातच धरावी. मॅटवर उभे राहिल्यावर कोपर जेवढे वर जाते, तेवढी मेमरी बटणात ठरवलेली उंचीही वाढवावी लागते. शिवाय बसताना आपण थोडे पोक काढतो आणि उभ्याने ताठ होतो, म्हणून उभ्याने मॉनिटर दोन-तीन सेंटीमीटर वर घ्यावा लागतो. आर्म असल्याचा खरा उपयोग मला इथे जाणवला. यजमानांना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, त्यामुळे त्यांना उलट पडदे खाली हवे असतात, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते.

सांगाडा, फळी, दोन आर्म, मॅट आणि मिस्त्रींची मजुरी मिळून खर्च पन्नास हजारांच्या घरात गेला. ऑगस्टमध्ये उंचीच्या बटणांची पट्टी अधूनमधून प्रतिसाद देईनाशी झाली होती. कंपनीने ती वॉरंटीत बदलून दिली, पण सुटा भाग येईपर्यंत बराच काळ टेबल बसण्याच्याच उंचीवर ठेवावे लागले. म्हणून खरेदीपूर्वी सांगाड्याची वॉरंटी किती वर्षांची हे विचारताना कंट्रोल बॉक्स, बटणांची पट्टी आणि मोटार यांची वॉरंटी वेगळी किती, हे सुटे भाग मुंबई-ठाणे परिसरात साठ्यात असतात का, आणि माणूस घरी येतो की भाग कुरियरने पाठवून आपणच बसवायचा असतो, हे तीन प्रश्न लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.