रत्नागिरीतील संगणक दुरुस्ती केंद्र: एक अनुभव
विंडोज अद्ययावत झाल्यावर माझ्या संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे पसरट दिसू लागली आणि १०२४ × ७६८ याखेरीज दुसरे रिझोल्यूशन (पडद्यावरील ठिपक्यांची संख्या) निवडताच येईना, तेव्हा मारुती मंदिर परिसरातील एका दुरुस्ती केंद्राच्या तंत्रज्ञांना घरी बोलावले. ते दोन दिवस उशिरा आले, पण निदान अचूक केले. संगणकाच्या भागांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' असे लिहिलेले त्यांनी मला दाखवले. म्हणजे कार्ड चालवणारा मूळ प्रोग्राम, अर्थात ड्रायव्हर, जाऊन विंडोजचा कामचलाऊ ड्रायव्हर चालू होता. कार्डाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून योग्य ड्रायव्हर उतरवून बसवताच १९२० × १०८० परत आले. केबलच्या टोकावर खाऱ्या हवेने चढलेला हिरवट थरही त्यांनी आपणहून पुसला. नवे कार्ड माझ्या गळ्यात मारणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, याचे मला मोल वाटते.